आवाजाला वजन येतं कुठून?

मोबाइल टेबलावर ठेवा आणि त्याच्या स्वतःच्याच स्पीकरवर ‘डूम मेटल’ किंवा ‘स्टोनर मेटल’ प्रकारातलं एखादं गाणं लावा. मुंबईच्या ‘डर्ज’ या बँडचा २०१८ सालचा ‘आह पुच’ हा अल्बम चालेल. माया संस्कृतीतल्या मृत्युदेवतेचं नाव त्याला दिलेलं आहे. किंवा सिंगापूरच्या ‘मारिजान्ना’ या बँडचा त्याच वर्षीचा ‘टिल मारिजान्ना’ घ्या. गिटारवर पहिला आघात होतो आणि खोलीत काहीतरी अवजड हलल्याचा भास होतो.

आता कोडं पाहा. बोटाच्या पेराएवढ्या त्या स्पीकरला गिटारचा सर्वांत खालचा स्वर धडपणे काढताच येत नाही. तो स्वर हवेत जवळपास नसतोच. तरीही आपल्याला तो ऐकू येतो आणि भारदस्तही वाटतो. उलट कुकरची शिट्टी या गाण्याहून कितीतरी मोठी असते, पण तिला कुणी ‘जड’ म्हणत नाही. म्हणजे जडपणा केवळ मोठ्या आवाजात नसतो. मग तो येतो कुठून?

सिंगापूरच्या पश्चिम टोकावर तुआस आहे. जहाजबांधणीचे धक्के, धातूकामाचे कारखाने, औषधांचे प्रकल्प आणि १ सप्टेंबर २०२२ रोजी औपचारिक उद्घाटन झालेलं, अजूनही वाढत असलेलं प्रचंड बंदर अशी ही वसाहत आहे. अशा ठिकाणी दिवसभर यंत्रांच्या आवाजात काम करून, परतताना कानात संगीत लावणाऱ्या माणसासाठी हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा राहत नाही. त्याच्या कानांचं आरोग्य या उत्तराशी जोडलेलं आहे.

कारखान्यात सुरू झालेली गोष्ट

या संगीताचा उगमही कारखान्यातच आहे. १९६५ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तुटली. आयोमी डावखुरा. म्हणजे तारा छेडायचा हात वाचला आणि तारा दाबायचा हात जायबंदी झाला. गिटार संपली, असंच त्याला वाटलं.

त्या वेळी कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची ध्वनिमुद्रिका ऐकवली. राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं आगीत भाजून निकामी झाली होती, तरी तो अप्रतिम वाजवत असे. आयोमीने उमेद धरली. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणं बनवली, त्यांवर चामडं चिकटवलं. तरी कडक तारा दाबताना त्रास व्हायचाच. म्हणून त्याने आधी हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताणही कमी केला.

त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ हा अल्बम १९७१ साली आला. त्यातल्या अनेक गाण्यांत गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली उतरवलेली आहे. डूम आणि स्टोनर या दोन्ही शैलींचा पाया म्हणून आज या अल्बमकडे बोट दाखवलं जातं. डूम म्हणजे संथ, खर्जातलं, गंभीर मेटल. स्टोनर म्हणजे त्याच जडपणाला ब्लूज संगीताचा झोका आणि गिटारचा खरखरीत, लोकरीसारखा जाडसर नाद जोडून केलेलं रूप. त्याच्या नावात नशेबाज तरुणाईचा संदर्भ आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागातल्या ‘कायस’ या बँडने १९९२ साली ‘ब्लूज फॉर द रेड सन’ या अल्बममधून ही शैली ठसवली. त्यांच्या गिटारवादकाने गिटारचा आवाज चक्क बेस गिटारसाठी असलेल्या स्पीकरपेट्यांतून काढला.

तार सैल केली की काय होतं

तार छेडली की ती मागे-पुढे थरथरते. एका सेकंदात ती किती वेळा थरथरते, त्याला वारंवारता म्हणतात आणि ती ‘हर्ट्झ’ या एककात मोजतात. नेहमीप्रमाणे जुळवलेल्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, म्हणजे तिचा स्वर ८२ हर्ट्झचा. तीन अर्धस्वर उतरवली की ती ६९ हर्ट्झवर येते.

फरक तेरा आकड्यांचा, पण ताणावर त्याचा परिणाम मोठा होतो. तारेचा ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. स्वर मूळच्या ८४ टक्क्यांवर आला की ताण ७१ टक्क्यांवर येतो. म्हणजे आयोमीच्या दुखऱ्या बोटांवरचा भार तीन दशांशाच्या आसपास हलका झाला.

बोटांना आराम मिळाला आणि आवाजही पालटला. सैल तार जास्त रुंद झोका घेते. जोरात छेडल्याक्षणी ती क्षणभर ताणली जाते, त्यामुळे स्वर किंचित चढा लागतो आणि मग खाली बसतो. प्रत्येक आघाताबरोबर स्वर असा ‘बसताना’ ऐकू येतो, हा जडपणाचा पहिला घटक. पुढच्या बँडनी तारा याहूनही खाली नेल्या आणि फार लुळ्या पडू नयेत म्हणून जाड तारा वापरल्या. पण नुसत्या खाली उतरवलेल्या तारेचा आवाज भारदस्त असतोच असं नाही. तो गुळमुळीत आणि अस्पष्टही असू शकतो. त्याला आकार देतो तो अ‍ॅम्प्लिफायर.

लाटण्याखाली आलेला आवाज

अ‍ॅम्प्लिफायरचं काम तारेचा क्षीण विद्युतसंकेत मोठा करून स्पीकरकडे पाठवण्याचं. पण त्यालाही मर्यादा असते. संकेत त्या मर्यादेपलीकडे नेला, तर त्याच्या लाटांचे उंच माथे कापले जातात. गोलाई जाऊन सपाटी येते. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात आणि त्याचं टोकाचं रूप म्हणजे ‘फझ’. ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ एके काळी हा दोष टाळायला धडपडत. १९६२ साली मात्र हाच दोष मुद्दाम निर्माण करणारी पायाने चालवायची पेटी अमेरिकेत बाजारात आली.

माथे कापल्यावर आवाज कमी व्हायला हवा, मग तो जाड कसा होतो? कणकेचा उंडा पोळपाटावर घेऊन लाटण्याने दाबला, तर त्याची उंची कमी होते, पण कणीक नाहीशी होत नाही. ती सगळीकडे पसरते. अ‍ॅम्प्लिफायर लाट दाबतो तेव्हा तिची ताकद अशीच पसरते, आणि ती पसरते वरच्या स्वरांमध्ये.

कोणत्याही तारेतून एकच स्वर निघत नसतो. ६९ हर्ट्झच्या मूळ स्वराबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी सगळी भावंडं एकाच वेळी वाजत असतात. त्यांना उपस्वर म्हणू. साध्या गिटारमध्ये वरचे उपस्वर दुबळे असतात आणि लवकर विझतात. माथे कापले की त्यांना बळ मिळतं आणि नवेही तयार होतात. मोजकेच उपस्वर असलेल्या आवाजाच्या जागी भरगच्च शिडी उभी राहते.

दुसरा फायदा टिकाऊपणाचा. तार हळूहळू शांत होत जाते, पण अ‍ॅम्प्लिफायरच्या मर्यादेहून संकेत मोठा आहे तोवर बाहेर येणारी लाट तेवढ्याच उंचीची राहते. त्यामुळे एकदा छेडलेला स्वर कितीतरी वेळ जवळपास एकाच जोमाने गुंजत राहतो. या दोन गोष्टी, उपस्वरांची शिडी आणि लांबलेला नाद, पुढच्या सगळ्या गोष्टींचा आधार आहेत.

हवेत नसलेला स्वर कानात कसा?

आता मोबाइलच्या कोड्याकडे येऊ. इतक्या छोट्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचा आवाज फारच क्षीण निघतो. म्हणजे ६९ हर्ट्झचा मूळ स्वर गेला, त्याचा दुपटीचा १३९ हर्ट्झचा उपस्वरही जवळपास गेला. उरले २०८, २७७, ३४६, ४१६ आणि त्यापुढचे.

या आकड्यांत शेजारच्या प्रत्येक जोडीतलं अंतर काढा. प्रत्येक वेळी उत्तर ६९च्या आसपास येतं. कान आणि मेंदू नेमकं हेच समान अंतर, किंवा सगळी लाट ज्या ठेक्याने पुन्हा पुन्हा येते तो ठेका, पकडतात. असे उपस्वर ६९ हर्ट्झच्या स्वराचेच असू शकतात, असा निष्कर्ष मेंदू काढतो आणि तो स्वर आपल्याला ऐकू येतो. ध्वनिशास्त्रात याला ‘हरवलेला मूळ स्वर’ म्हणतात.

याचा अनुभव आपण सगळ्यांनी घेतलेला आहे. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज जातच नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या दरम्यान असतो. तरीही सांगलीहून बोलणाऱ्या वडिलांचा आवाज कुणाला बाईमाणसाचा वाटला नाही. खर्ज तारेतून येत नव्हता. ऐकणाऱ्याचा मेंदू तो उभा करत होता.

जर्मन शास्त्रज्ञ आउगुस्ट झेबेक यांनी १८४०च्या दशकात हवेच्या झोताने वाजणारे भोंगे घेऊन या प्रश्नावर प्रयोग केले आणि त्यावरून वादही रंगला. मग १९५४ साली अमेरिकेतले जोसेफ लिकलायडर यांनी एक निर्णायक प्रात्यक्षिक दाखवलं. त्यांनी खालच्या पट्टीत मुद्दाम गोंगाट भरला. तिथे खरोखर एखादा स्वर असता, तर तो गोंगाटाखाली बुडाला असता. पण वरच्या उपस्वरांतून उभा राहणारा खालचा स्वर तरीही ऐकू येत राहिला. हे प्रात्यक्षिक लक्षात ठेवा. तुआसहून सुटणाऱ्या मेट्रोत ते उपयोगी पडणार आहे.

फझने भरलेली गिटार मोबाइलवरही जड का वाटते, हे आता उलगडतं. फझने उपस्वरांची शिडी भक्कम केलेली असते. पायऱ्या जितक्या ठळक, तितका मेंदूचा अंदाज पक्का.

सा आणि प: दोन स्वरांतून तिसरा

या संगीतात गिटारवर बहुधा तीन किंवा अधिक स्वरांची पूर्ण कॉर्ड वाजत नाही. वाजतात ते फक्त दोन स्वर: षड्ज आणि पंचम. गिटारवादक याला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. सगळ्या उपलब्ध स्वरांतून हीच जोडी का?

कारण डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र शिरले की ते वेगवेगळे राहत नाहीत. त्यांच्या वारंवारतांच्या बेरजा आणि वजाबाक्यांएवढे नवे स्वर तयार होतात. षड्ज ६९ हर्ट्झ धरला, तर पंचम त्याच्या दीडपट, म्हणजे १०४ हर्ट्झच्या आसपास. वजाबाकी केली की येतात सुमारे ३५. हा मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा षड्ज. गिटारवर तो कुणी वाजवलेला नाही आणि त्या तारेवर तो निघूही शकत नाही. तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जन्मतो आणि मूळ स्वरांशी पूर्ण सुसंवादी असतो. दोन स्वरांमधून असा तिसरा स्वर ऐकू येतो, हे अठराव्या शतकात इटलीचे व्हायोलिनवादक जुझेप्पे तार्तिनी यांनीही नोंदवलं होतं.

पंचमाऐवजी शुद्ध गंधार घेतला तर? षड्ज आणि गंधार यांचं प्रमाण चारास पाच. वजाबाकी येते सुमारे १७ हर्ट्झ. इतक्या खालचा स्वर, स्वर म्हणून कानाला कळत नाही. जाणवते ती थरथर आणि खरखर. म्हणून साध्या गिटारवर गोड लागणारी कॉर्ड फझमध्ये चिखलासारखी होते आणि षड्ज-पंचम मात्र खांबासारखे उभे राहतात.

या खरखरीचा उपयोगही करून घेतात. ‘ब्लॅक सॅबथ’च्या १९७० सालच्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं ज्या स्वरांतरावर उभं आहे, ते आपल्या भाषेत षड्ज ते तीव्र मध्यम. या दोन स्वरांचे सुरुवातीचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांनाही एक घर मिळत नाही. पंचम वर्ज्य असलेल्या मारव्यासारख्या रागात जी अस्वस्थता भरून राहते, तिची ज्यांना सवय आहे, त्यांना या गाण्यातली बेचैनी ओळखीची वाटेल.

मिरजेचा तंबोरा हेच वेगळ्या वाटेने करतो

हे सगळं विजेच्या उपकरणांचं कौतुक वाटत असेल, तर मिरजेला जायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथल्या शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी वाद्यं बनवायला सुरुवात केली. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा धारदार नसतो. तो रुंद आणि किंचित गोलसर असतो. थरथरणारी तार त्या गोलाईला पुन्हा पुन्हा चाटून जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा योग्य जागी सरकवला की जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो झणत्कारी नाद, खुलते. तारेला मोकळेपणी थरथरू न देणारा हा सूक्ष्म अडथळा तिची ताकद वरच्या उपस्वरांकडे वळवतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना ही गोष्ट दाखवली. नेहमीच्या नियमानुसार, ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू तार छेडण्याच्या जागी येतो, तो उपस्वर उमटायला नको. तंबोरा आणि वीणा यांत मात्र तोही दणदणीत उमटतो. कुणी गंधाराला जुळवलेली तार नसताना गायकांना तंबोऱ्यात ‘स्वयंभू गंधार’ ऐकू येतो, तो हाच खेळ. खर्जाच्या तारेचा तो पाचवा उपस्वर असतो.

जवारी आणि फझ, दोन्हींचं तत्त्व एकच: लाटेच्या मार्गात नेमका अडथळा घालून उपस्वरांना श्रीमंत करायचं. जुळवणीही तीच, पंचम आणि षड्ज. आणि आकडे तर विलक्षण जुळतात. पुरुष गायकांची नेहमीची पट्टी काळी एक. त्या पट्टीत जुळवलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. आयोमीने १९७१ साली आपली जाड तार उतरवून जिथे आणली, तीच ही जागा.

या दोन जगांना जोडणारा एक प्रत्यक्ष धागाही आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि त्यांच्या परंपरेने महाराष्ट्राला सवाई गंधर्व, भीमसेन जोशी दिले. त्याच घराण्याचे अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० साली अमेरिकेत गेले. तिथे ला माँट यंग आणि टेरी रायली हे संगीतकार त्यांचे शिष्य झाले आणि अखंड षड्जात तासन्‌तास बुडण्याची साधना पाश्चात्त्य संगीतात आणखी खोल रुजली. यंग यांच्या संगीताने प्रभावित झालेल्या डिलन कार्लसनने आपल्या ‘अर्थ’ या बँडचा ‘अर्थ टू’ हा अल्बम १९९३ साली काढला. त्यात सत्तर मिनिटांहून अधिक काळ फझमधली गिटार जवळपास एकाच स्वराभोवती गुंजत राहते. आणि ‘ओम’ नावाच्या बँडने २००९ सालच्या ‘गॉड इज गुड’मध्ये तर तंबोराच वाजवला.

इतकं संथ कशासाठी?

जलद मेटलमध्ये एका मिनिटात दोनशे ठोके पडतात आणि एका ठोक्यात चार-चार आघात होतात. त्या वेगात प्रत्येक आघाताच्या वाट्याला सेकंदाचा तेरावा हिस्सा येतो. तेवढ्या वेळात ६९ हर्ट्झची तार जेमतेम पाच वेळा थरथरते. स्वर नीट उमगायच्या आत पुढचा येऊन आदळतो. म्हणून वेगवान संगीतात कानाला जाणवतो तो मुख्यतः आघात.

आता मिनिटाला पन्नास ठोक्यांचं डूम घ्या. एका ठोक्याला १.२ सेकंद मिळतात आणि तार ऐंशीहून अधिक वेळा थरथरते. स्वराला बसायला वेळ मिळतो. उपस्वर एकमेकांत मिसळतात, दोन गिटारींच्या किंचित वेगळ्या जुळवणीतून हेलकावे उठतात, खालचा तिसरा स्वर आकार घेतो. विलंबित ख्यालात समेनंतरची जागा जशी श्रोता मनाने भरतो, तशी इथे दोन आघातांमधली जागा नाद भरतो. ‘स्लीप’ या बँडचं ‘डोपस्मोकर’ हे २००३ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेलं एकच गाणं ६३ मिनिटांचं आहे, ते याच बळावर.

*

थोडक्यात

• तार सैल केली की स्वर खाली येतो, झोका रुंद होतो आणि प्रत्येक स्वर ‘बसताना’ ऐकू येतो.
• फझ लाटेचे माथे कापतो, उपस्वरांना बळ देतो आणि नाद लांबवतो.
• उपस्वरांमधल्या समान अंतरावरून मेंदू हवेत नसलेला खालचा स्वर उभा करतो.
• षड्ज-पंचम एकत्र फझमध्ये शिरले की एक सप्तक खालचा षड्ज जन्मतो.
• संथ लय या सगळ्याला घडायला वेळ देते.
• तंबोऱ्याची जवारी उपस्वर खुलवण्याचं तेच काम विजेशिवाय करते.

*

भिंती, छाती आणि कानाची दिवसभराची बेरीज

एक गोष्ट मात्र आवाज मोठा केल्याशिवाय होत नाही. ६९ हर्ट्झची ध्वनिलहर पाच मीटर लांब असते आणि ३५ हर्ट्झची दहा मीटर. असे लांब लहरींचे जोरदार आवाज छातीत आणि त्वचेवर कंप म्हणून जाणवतात. पातळ भिंती त्यांना अडवू शकत नाहीत. म्हणूनच शेजारच्या घरातल्या गाण्याचे शब्द कळत नाहीत, फक्त धप-धप येते. सिंगापूरमध्ये बँडच्या सरावाच्या खोल्या बऱ्याचदा औद्योगिक इमारतींत असतात, त्यामागे हेही कारण आहे.

शिवाय आपला कान खर्जाच्या बाबतीत मुळातच मंद आहे. हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं की, कमी आवाजात खालचे स्वर मधल्या स्वरांइतके मोठे वाटायला हवे असतील, तर त्यांना कितीतरी अधिक जोर द्यावा लागतो. ६० ते ७० हर्ट्झच्या पट्टीत हा फरक तीस डेसिबलच्या घरात जातो. आवाज वाढवला की हा फरक कमी होतो. त्यामुळे ‘मोठ्याने लावलं की भारी वाटतं’ या अनुभवात तथ्य आहे, आणि धोकाही त्यातच आहे.

कारण कान दिवसभराची बेरीज ठेवतो. सिंगापूरच्या नियमांनुसार कामगाराला ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, ही मर्यादा आहे. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो: ८८ डेसिबलला चार तास, ९१ला दोन, आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. आवाजामुळे येणारं बहिरेपण हा सिंगापूरमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या व्यावसायिक आजारांपैकी एक आहे. आतल्या कानातल्या ज्या केसपेशी ध्वनीचं रूपांतर संकेतात करतात, त्या एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि बहुधा आधी निकामी होतात त्या चार हजार हर्ट्झच्या आसपासचे वरचे स्वर ऐकणाऱ्या पेशी. म्हणजे शब्दांतले स, श, फ हे उच्चार आणि गिटारच्या नादाची झळाळी, दोन्ही जातात.

तुआसच्या कारखान्यात पूर्ण पाळी केलेला माणूस तुआस लिंक स्थानकावर मेट्रोत बसतो, तेव्हा त्याच्या कानाचा दिवसाचा वाटा बराचसा खर्च झालेला असू शकतो. शहराच्या मध्यापर्यंतचा प्रवास पाऊण-एक तासाचा. गाडीची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीतली, म्हणजे गिटारच्या खर्जाच्याच जागेवर बसलेली. गाण्यातला खर्ज बुडाल्यासारखा वाटतो आणि हात आपोआप आवाज वाढवायला जातो.

इथेच लिकलायडर यांचं प्रात्यक्षिक कामी येतं. खालची पट्टी गोंगाटाने भरली, तरी वरच्या उपस्वरांतून उभा राहणारा खर्ज शाबूत राहतो. ज्या संगीतात फझने उपस्वरांची शिडी आधीच भक्कम बांधली आहे, त्याला तर गाडीच्या घरघरीवर मात करण्यासाठी जोर लावायची गरज सर्वांत कमी. बाहेरचा आवाज कापणारे हेडफोन खालच्या, एकसुरी घरघरीवरच सर्वाधिक परिणामकारक असतात. ते वापरले तर आवाज आणखी खाली आणता येतो. कारखान्यात कानात घालायच्या बोळ्यांचा आळस करू नये, आणि बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमालाही ते घेऊन जावेत. त्यांनी सगळेच स्वर दबतात, वरचे जास्त. छातीतला कंप तसाच राहतो.

आवाज कमी ठेवून ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ किंवा ‘आह पुच’ ऐका. आधी तारेचा आघात आणि स्वराचं खाली बसणं धरा. मग नाद लांबत जाताना त्यातले वरचे उपस्वर एकेक करून शोधा, तंबोऱ्यात स्वयंभू गंधार शोधतो तसे. षड्ज-पंचमाच्या जोडीखाली तो न वाजवलेला षड्ज सापडतो का, पाहा. हे सापडू लागलं की आवाज वाढवण्याची गरज उरत नाही, कारण वजन उपस्वरांच्या रचनेत असतं आणि ती रचना कमी आवाजातही शाबूत असते. एका कामगाराच्या दुखावलेल्या बोटांतून आलेलं हे संगीत आज दिवसभर राबणाऱ्या माणसांनी मन भरून ऐकावं. वीस वर्षांनंतरही ते तितकंच स्पष्ट ऐकू यावं, एवढी काळजी मात्र आजपासून घ्यायला हवी.